गंजलेला वस्तरा

जुन्या वस्तूंच्या बाजारात, मोडक्या कुलपांच्या आणि बिनकाचेच्या कंदिलांच्या ढिगाऱ्यात कधी कधी एखादा घडीचा वस्तरा आढळतो. पात्यावर तांबूस गंज चढलेला असतो, मूठ विटलेली असते. येणारेजाणारे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जाणता मनुष्य मात्र तो हाती घेतो, पाते उजेडाकडे धरतो आणि बुंध्यावरील अक्षरे वाचू लागतो. पुष्कळदा तेथे इंग्लंडातील शेफील्ड किंवा जर्मनीतील सोलिंगेन या गावाचे नाव कोरलेले असते.

शेफील्डचे नाव पोलादामुळे झाले. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या कमानींसाठी निर्दोष पोलाद हवे होते. १७४० च्या सुमारास त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवण्याची रीत इंग्लंडात बसवली. मुशीतले पोलाद दक्षिण भारतातील कारागीर त्याच्या कितीतरी शतके आधीपासून करीत होते. असे पोलाद सर्वत्र एकसारखे असते आणि वस्तऱ्याच्या नाजूक धारेला तसेच पोलाद लागते. पुढे १९०३ साली अमेरिकेत जिलेट यांचा बदलत्या पात्याचा वस्तरा विक्रीस आला. पाते बोथट झाले की टाकून द्यायचे, ही सोय लोकांना आवडली. घडीचे वस्तरे हळूहळू मागे पडले आणि पेटीच्या तळाशी गंजू लागले.

असा वस्तरा पुन्हा कामास आणायचा, तर पहिले काम परीक्षेचे. वरवरचा गंज निघतो. पण गंजाने धारेपर्यंत खड्डे पाडले असतील किंवा पात्याला तडा गेला असेल, तर तो वस्तरा केवळ पाहण्यापुरता उरतो. मूठही तपासावी लागते. जुन्या सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली म्हणजे तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेले पाते मुठीतच गंजते. अशी मूठ बदलल्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरे काम गंज काढण्याचे. उतावळा मनुष्य येथेच फसतो. तो पाते धार लावण्याच्या फिरत्या चाकावर धरतो. ठिणग्या उडतात, पाते चकाकते आणि क्षणात त्यावर निळी झाक येते. मूळ कारागिराने ते पाते लालबुंद तापवून एकदम थंड केलेले असते आणि मग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेवर पुन्हा तापवलेले असते. यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळे पडते, त्याचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही. म्हणून जाणता मनुष्य थोडे तेल आणि बारीक काचकागद घेऊन पाते हातानेच, सावकाश घासतो. धारेच्या वाटेत तो बोट येऊ देत नाही. कोरलेली अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून तो तेथे हात आवरतो. एखादा काळा डाग राहिला तरी त्याला चालतो.

तिसरे काम धारेचे. पाते ओल्या दगडावर आडवे ठेवले की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन आपोआप राखला जातो. धार पुढे ठेवून पाते प्रथम जरा खरबरीत आणि मग अधिकाधिक गुळगुळीत दगडावरून फिरवतात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे ठेवतात. नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही बिघडते. या साऱ्या कामात हात अगदी हलका ठेवावा लागतो. मग पाते कोरडे पुसून त्याला तेलाचे बोट लावले की झाले.

या कामात बळापेक्षा विवेक अधिक लागतो. एकदा घासून गेलेले पोलाद कोणालाही परत घालता येत नाही. काय काढावे, यापेक्षा काय राहू द्यावे हे ज्याला कळते, त्याच्याच हातून शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराचे श्रम पुन्हा सार्थकी लागतात.