प्रो व्हायची घाई कशाला?

मी प्रो झालो तेव्हा तो नाइलाज होता. अमॅच्युअर गोल्फरने खेळाच्या नावावर प्रायोजकाचे पैसे घेतले, तर त्याचा दर्जा जायचा. वडिलांच्या पगारात देशभरच्या स्पर्धा परवडत नव्हत्या. एका कंपनीने खर्च उचलायची तयारी दाखवली आणि मी प्रो झालो. दुसऱ्या हंगामात तिथले साहेब बदलले. नव्या साहेबांना गोल्फमध्ये रस नव्हता. सगळा व्यवहार तोंडी, भांडायचं कशाच्या जोरावर?

आता पुण्यात मुलांना शिकवतो. मुलगा सतरा वर्षांचा झाला, की पालक विचारतात, “सर, याला प्रो कधी करायचं?” मी म्हणतो, कशासाठी? २०२२ पासून नियम बदललेत. अमॅच्युअर राहूनही प्रायोजक घेता येतो, शर्टावर त्याचं नाव लावता येतं. हँडिकॅप न धरता होणाऱ्या स्पर्धेत एक हजार डॉलरपर्यंत रोख बक्षीसही चालतं. मला ज्या कारणाने घाई करावी लागली, ते कारणच उरलेलं नाही. करार मात्र लेखी हवा, आणि प्रायोजकाने मध्येच हात काढला तर काय, हेही त्यात हवं.

हँडिकॅपवर तर अजिबात जाऊ नका. तो शून्यावर आला की घरी पेढे येतात. पण हा आकडा निघतो शेवटच्या वीस राउंडपैकी सर्वांत चांगल्या आठांवरून. उरलेल्या बारांना तिथे कोणी विचारत नाही. टूरवर त्यांचाच हिशेब होतो. पीजीटीआयच्या, म्हणजे आपल्या देशातल्या प्रो टूरच्या, स्पर्धेत दोन राउंडनंतर कट लागतो. पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे खेळतात, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. पहिल्या दिवशी ६९ मारलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी ८० मारले, तर ते ६९ सांगायलाच उरतात. म्हणून मी मुलांना वही घालायला लावतो: फक्त परक्या कोर्सवरचे, मागच्या टीवरून, स्पर्धेत झालेले स्कोअर. घरचा कोर्स डोळे मिटून खेळता येतो, तिथले आकडे नकोत. वहीतले वाईट राउंडही ७५च्या आसपास थांबायला लागेपर्यंत प्रोचा विषय काढू नये, असं माझं मत. काही पालकांना ते पटत नाही आणि ते दुसरा कोच बघतात.

अदिती अशोकचा क्रम पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये, सतराव्या वर्षी, तिने मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा जिंकली, तीही अमॅच्युअर असताना. टूरवर खेळायचं कार्ड आधी हातात आलं, प्रो ती त्यानंतर झाली. आपल्याकडेही क्यू-स्कूलला, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेला, अमॅच्युअर उतरतात, टूरच्या स्पर्धांतही खेळतात. बक्षिसाची रक्कम मिळत नाही, पण आपण कटमध्ये बसलो असतो का, ते फुकटात कळतं. नाही जमलं तर दर्जा शाबूत राहतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघांची वाट उघडी राहते, आणि आशिया-पॅसिफिक अमॅच्युअर स्पर्धाही. तिच्या विजेत्याला थेट मास्टर्सचं बोलावणं येतं. प्रो झाल्यावर पुन्हा अमॅच्युअर होता येतं, पण त्यासाठी अर्ज करून थांबावं लागतं, आणि त्या वयात थांबणं फार महाग पडतं.

पैशांचं बोलायचं तर एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला पंधरा लाख मिळतात, आणि पेपरात तोच आकडा छापून येतो. प्रवेश फी, रेल्वे, हॉटेल, सरावाच्या दिवसाचं जेवण हे कुठे छापत नाहीत. एकही कट मिळणार नाही असं धरून अख्ख्या हंगामाचा खर्च आधी बाजूला काढून ठेवा. आणि कट हुकला, तरी कॅडीचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते करा. पुढच्या वर्षी त्याच कोर्सवर ग्रीनचा उतार तोच सांगणार आहे.