बीज रुजताना

मृगाच्या सरी कोसळून जमीन निवाली, की महाराष्ट्रातील घराघरांतून बियांच्या पुरचुंड्या बाहेर येतात. कोणी परसात भेंडी लावतो, कोणी कुंपणाशी दोडक्याच्या आणि कारल्याच्या बिया टोचतो. शहरातील लहानशा घरातही खिडकीतल्या एखाद्या जुन्या डब्यात मेथी पेरली जाते. चार दिवस मोठ्या उत्सुकतेने पाणी घातले जाते. कोठे हिरवे कोंब वर येतात आणि घरातील मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. कोठे मात्र माती जशीच्या तशी राहते. मग मुले म्हणतात, "बीच वाईट होते!" कधी कधी ते खरेही असते; परंतु पुष्कळदा बी निर्दोष असते आणि चूक पेरणाऱ्या हाताची असते. ती चूक कोठे होते, हे समजण्यासाठी बी म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे.

बिरड्यासाठी रात्रभर भिजवलेल्या वालांतील एक दाणा घ्यावा व त्याची साल अलगद सोलावी. आतील दोन दले सहज विलग होतात. त्यांच्यामध्ये, एका कडेला, एक इवलासा अंकुर दडलेला दिसतो. त्याचे एक टोक पुढे मूळ होते, दुसरे टोक खोड व पाने होते. दोन्ही दलांत साठवलेले अन्न ही त्या अंकुराची शिदोरी. स्वतःची पाने उन्हात पसरून अन्न तयार करता येईपर्यंत अंकुराला याच शिदोरीवर निर्वाह करावा लागतो. म्हणजे बी हा निर्जीव खडा नव्हे; ते झोपी गेलेले रोप आहे. झोपेतही ते अत्यंत मंद गतीने श्वास घेत असते.

ही झोप किती काळ टिकते? कांद्याचे बी एका वर्षातच बरेचसे निकामी होते; वांगी, टोमॅटो यांचे बी कोरड्या व थंड जागी ठेवल्यास काही वर्षे टिकते. इस्राएलमधील मसाडा नावाच्या प्राचीन दुर्गाच्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या जुन्या होत्या. २००५ साली त्यांपैकी एक बी रुजले आणि त्यातून खजुराचे रोप वाढले! तेथील कोरड्या हवेने त्या बीचे प्राण राखले. याउलट आपल्याकडील पावसाळी, दमट हवेत उघडी राहिलेली पुडी एका चातुर्मासातही दुबळी होऊ शकते. म्हणूनच जुन्या काळच्या गृहिणी बी चांगले वाळवून, राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवीत असत.

झोपलेल्या बीला जागे करण्यास तीन गोष्टी लागतात : ओलावा, हवा आणि ऊब. पाणी मिळाले की बी फुगते, साल फुटते आणि साठवलेले अन्न अंकुराला मिळू लागते. जागा झालेला अंकुर जोराने श्वास घेऊ लागतो. त्यासाठी मातीच्या कणांमध्ये हवा खेळती हवी. ऊब कमी पडली तर त्याची वाढ रेंगाळते. कडाक्याच्या थंडीत पेरलेली मिरची म्हणूनच लवकर वर येत नाही. या तिन्हींपैकी एकीचा अतिरेक झाला तर दुसरी नाहीशी होते. मायेपोटी कुंडीत तांब्यावर तांब्या ओतणारा मुलगा मातीतील हवा बाहेर घालवतो, आणि बी आतल्या आत गुदमरून कुजते.

बहुतेक भाज्यांच्या बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागत नाही. परंतु कोंब वर येताच तो अवश्य लागतो. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य पाहावे. देवघरातील मंद उजेडात त्याचे कोंब उंच वाढतात, पण ते पिवळसर व नाजूक असतात. उजेडाच्या शोधात त्यांनी आपली सारी शिदोरी उंची गाठण्यात खर्च केलेली असते. कुंडीतील रोप असे लांबोडके व फिकट दिसू लागले, तर ते पाणी मागत नसून ऊन मागत आहे, असे समजावे.

आता प्रत्यक्ष पेरणीकडे वळावे. भांडे कोणतेही चालते : कुंडी, फुटका माठ, जुना डबा. मात्र त्याच्या बुडाशी भोके असलीच पाहिजेत. भोकांवर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निथळते व माती वाहून जात नाही. चाळलेली माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग मिसळावीत. ताजे शेण घालू नये. कुजताना त्याची उष्णता कोवळ्या मुळांना बाधते.

बी किती खोल पेरावे? बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती तिच्यावर यावी, हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. घेवड्याचा दाणा दोन-तीन सेंटिमीटर खोल गेला तरी वर येतो, कारण त्याची शिदोरी मोठी असते. राजगिऱ्याचे मोहरीहूनही बारीक बी तेवढे खोल गाडले, तर उजेड दिसण्यापूर्वीच त्याची शिदोरी संपते आणि अंकुर वाटेतच मरतो. असे बी वाळूत मिसळून मातीवर विखरावे व वर चिमूट-चिमूट माती भुरभुरावी.

प्रत्येक बीचा स्वभावही निराळा असतो. मेथी तीन-चार दिवसांतच डोके वर काढते. धण्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. म्हणून धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि मग पेरावेत. ते रुजण्यास आठ ते पंधरा दिवस घेतात, आणि तेवढा धीर नसलेली मुले पाचव्या दिवशीच माती उकरून पाहतात! उकरलेल्या अंकुराचे नाजूक मूळ तुटते. कारल्याच्या बीची साल कठीण असते; ती दिवसभर पाण्यात भिजवावी. भेंडीला रात्रभर भिजणे पुरते. वांगी, मिरची व टोमॅटो यांचे बी आधी लहान भांड्यात पेरतात आणि चार-सहा आठवड्यांनी रोपे मोठ्या जागी लावतात. दुकानातील काही बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे दिसते. त्याला औषध चोळलेले असते. ते तोंडात घालू नये व हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

पाणी झारीने किंवा हाताने शिंपडून द्यावे. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली असावी. रोपे दाट उगवली असतील तर काही उपटून विरळ करावीत. दाट रोपे व अतिओली माती एकत्र आली, की बुरशी वाढते आणि काल ताठ उभी असलेली रोपे आज बुडाशी मऊ होऊन आडवी पडतात.

एवढी काळजी घेऊनही बीच मृत असेल तर? त्याची परीक्षा पेरणीपूर्वीच करता येते. दहा बिया ओल्या फडक्यात, एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात. फडक्याची गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी व ओली राखावी. आठवड्याने उलगडून मोड मोजावेत. आठ बिया रुजल्या तर बी उत्तम. पाचच रुजल्या तर दुप्पट बी पेरावे. दोनच रुजल्या तर दुसरे बी शोधावे. सावकाश रुजणाऱ्या बियांना आणखी आठवडाभर अवधी द्यावा.

खिडकीतील मुलाला ही परीक्षा चुकली तर फार तर एक डबा रिकामा राहतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र तिच्यावर वर्षाची भाकरी अवलंबून असते. २०२० सालच्या खरीप हंगामात महाराष्ट्रात पेरलेले सोयाबीन उगवले नाही, अशा पुष्कळ तक्रारी आल्या. बी न उगवले की दुबार पेरणी करावी लागते. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि गेलेला पाऊस तर परत येत नाही. म्हणून कृषी खाते शेतकऱ्यांना सांगते, की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासावेत आणि सत्तर किंवा अधिक दाण्यांना मोड आले तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात वापरावे. पुरेशी ओल झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असेही ते बजावते. फडके आणि गोणपाट यांत फरक तो आकाराचा, विद्या एकच.

या विद्येची थोरवी अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जगाला दाखवली. त्यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. पण कोणते बी केव्हा पेरावे, कसे वाळवावे आणि कसे राखावे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाज्यांचे व धान्यांचे गावठी वाण नाहीसे होत चालले आहेत, हे पाहून त्यांनी ते जमवले, स्वतःच्या मातीत वाढवले आणि इतरांनाही दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. लोक त्यांना आदराने 'बीजमाता' म्हणतात.

एखादा वाण पुस्तकात नोंदवून जिवंत राहत नाही. तो दर काही वर्षांनी कोणीतरी पेरावा लागतो. आपल्या वेलीवरचे एक सुदृढ दोडके भाजीसाठी न तोडता वेलीवरच पिकू देणारी, त्याच्या बिया वाळवून पुडीवर नाव व साल लिहिणारी आणि पुढच्या मृगात त्यांतील चार शेजारच्या घरी देणारी मुलगीही हेच काम करीत असते. तिच्या हातून रुजणाऱ्या प्रत्येक बीबरोबर एक वाण आणखी एक वर्ष जगतो.

स्वाध्याय

१. बीला 'झोपी गेलेले रोप' का म्हटले आहे?
२. कारणे द्या : (अ) घटाभोवतीचे कोंब पिवळसर असतात. (आ) राजगिऱ्याचे बी खोल पेरू नये. (इ) अति पाण्याने बी कुजते.
३. दहा बियांपैकी पाच रुजल्या, तर पेरणाऱ्याने काय करावे?
४. 'फडके आणि गोणपाट यांत फरक तो आकाराचा, विद्या एकच.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. घरातील दहा मेथीदाण्यांची परीक्षा करा व रोजचे निरीक्षण वहीत लिहा.