खळ्यावरची रास व शेतातला सरवा

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय २, लेवीय १९:९-१३ व २३:२२, अनुवाद २४:१९-२१.

पाठाचा हेतु : सुगीच्या दिवसांत देवाच्या लोकांनी रास कशी मोजावी, व राशीवर कोणकोणाचा हक्क मानावा, हे समजून घेणे.

फाल्गुन लागला म्हणजे दख्खनच्या काळ्या रानातील कुटुंबांस उसंत म्हणून राहत नाही. पळस फुललेला असतो, लिंबाची जुनी पाने गळून नवी पालवी येत असते, आणि अहिल्यानगर, सोलापूर, बीड ह्या जिल्ह्यांच्या शिवारांत शाळूची काढणी चाललेली असते. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ही ज्वारी पुढे पावसावर फारशी वाढत नाही. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर व थंडीवर ती पोसते, आणि वसंताच्या आरंभी पदरात पडते.

बेथलेहेमची सुगीही अशीच वसंतातली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो; म्हणून सातू व गहू हिवाळ्याच्या तोंडी पेरीत, आणि वल्हांडणाच्या सुमारास सातू कापणीस येई. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या वेळी, गव्हाची कापणी होई. रूथ व नामी मवाबातून परत आल्या त्या सातूच्या हंगामाच्या आरंभी. तेव्हा रूथेचे पुस्तक वाचताना आपल्या शेतकऱ्यास दूर देशाची कल्पना करावी लागत नाही. स्वतःच्या शिवारात उभे राहून ते वाचावे.

शाळूचे काम घरातील लहानथोर सर्वांचे असते. कोठे धाटे मुळासकट उपटतात, कोठे विळ्याने कापतात. ती वाळली म्हणजे स्त्रिया कणसे खुडतात, व पुरुष कडब्याच्या पेंढ्या बांधून गंज रचतात. पूर्वी खळ्यासाठी कठीण जागा पाहून ती पाण्याने भिजवीत, तुडवीत व शेणाने सारवीत. मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरवीत. आणि वारा सुटला म्हणजे तिवईवर उभे राहून दाणे उफणीत. आज बहुतेक गावी मळणीयंत्र येते व दोन दिवसांचे काम काही तासांत उरकते. तरी खुडणी व वेचणी अजून पुष्कळशी बायकांच्याच हातांनी होते. बवाजानेही आपल्या खळ्यात रात्रीच्या वेळी सातू उफणले, असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्या देशी संध्याकाळनंतर वारा वाहतो. तो ज्याला हवा त्याला खळ्यावरच मुक्काम करावा लागे.

आता मुख्य प्रश्न असा की, रास पडल्यावर ती कोणाची? "माझी," असे मालक म्हणतो; परंतु देवाचे वचन तेवढ्यावर थांबत नाही. मोशेच्या द्वारे इस्राएलास तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, शेताच्या कडेकोपऱ्यांपर्यंत सारे पीक कापून घेऊ नये. दुसरी, कापताना गळालेला सरवा पुन्हा वेचू नये. तिसरी, एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणावयास मागे फिरू नये. हे सर्व गरीब, उपरी, पोरकी व विधवा ह्यांच्यासाठी राखावे. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, हा नियम मालकाच्या दयेवर सोडलेला नाही. तो शेताचा नियम आहे. सरवा वेचणारी बाई भीक मागत नसून आपल्या वाट्याचे घेत असते. लेवीयच्या २३ व्या अध्यायात तर सणांचे विधी चालू असता मध्येच हा नियम पुन्हा सांगितला आहे. जो आपली पहिली पेंढी देवापुढे आणतो, त्याने शेताचा कोपरा सोडलाच पाहिजे. उपासना व सरवा ही दोन वेगळी खाती नव्हत.

बवाजाने नियम पाळला, पण तो नियमाच्या कडेशीच थांबला नाही. रूथ परदेशी, तरुण व निराधार होती. तिला कोणी हात लावू नये, अशी त्याने गड्यांस ताकीद दिली. गड्यांच्या पाण्यातून तिने प्यावे, असे सांगितले. जेवणाच्या वेळी तिला जवळ बसविले. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम टाकावी व तिला धमकावू नये, असे बजाविले. त्या दिवशी तिने झोडून घेतलेले सातू सुमारे एक एफा, म्हणजे आजच्या मापाने वीस लिटरांच्या आसपास, भरले. दोन विधवांस पुष्कळ दिवस पुरेल इतके ते होते. दाणे तर मिळालेच. परंतु बवाजाच्या शेतात तिची अब्रूही सांभाळली गेली.

हा पाठ आपल्या मंडळ्यांस विशेष लागू पडतो, त्याचे कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील खळ्याच्या कडेला उभे राहिलेले होते. गावकीची कामे वर्षभर करून सुगीत राशीपाशी जावे, दूर उभे राहावे, आणि पदरात पडेल ते बलुते मुकाट्याने घेऊन यावे, अशी ती रीत होती. ख्रिस्ती झाल्यावर काही गावी त्या बलुत्यावरूनही त्यांना झगडावे लागले. सन १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, आणि ती सक्तीची चाकरी कायद्याने संपली. आज आपल्यातील काही कुटुंबे स्वतःच्या दोन-चार एकरांची धनी आहेत. त्यांची स्वतःची रास पडते. मग त्यांच्या खळ्याच्या कडेला आज कोण उभे आहे? कोणी विधवा, कोणी परगावचे मजूर, कोणी भूमिहीन शेजारी असेल. त्याला आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, यावरून आपण बापजाद्यांचे दुःख विसरलो किंवा नाही हे कळून येईल.

कोणी म्हणेल, "आमची जमीन दोन एकर, तिला कोपरा तो कसला? आणि यंत्राने मळल्यावर सरवा तरी कोठे राहतो?" हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु कोपरा केवढा असावा, हे मोशेच्या वचनात सांगितलेले नाही. ते देणाऱ्याच्या विवेकावर ठेविले आहे. आणि सरव्याचे रूप बदलले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. खुडणीच्या बायकांची मजुरी त्याच संध्याकाळी चुकती करणे, हाही कोपरा आहे; मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नये, असे त्याच १९ व्या अध्यायात सांगितले आहे. सारख्या कामास स्त्री-पुरुषांस सारखी मजुरी, ही गोष्ट तर देशाचा कायदाही १९७६ पासून सांगत आला आहे. चैत्राच्या उन्हात मजुरांसाठी सावली व गार पाणी ठेवणे, गाय असून रान नसलेल्या शेजाऱ्यास कडब्याच्या चार पेंढ्या देणे, ही कामे दोन एकरांच्या धन्यासही करता येतात.

सुगीनंतर लग्नसराई येते, आणि पुष्कळ घरांत रास खळ्यावरून थेट सावकाराच्या व मांडवाच्या खर्चात जाते. म्हणून पोती शिवण्यापूर्वी घरच्या धन्याने व धनिणीने एकत्र बसून राशीचे पाच वाटे मनाशी ठरवावे : वर्षाचे खाणे, बियाणे, देणे, देवाचे दान, व सरवा. बियाण्याची निवड काढणीपूर्वी उभ्या पिकातच करावी. भरदार, निरोगी कणसे वेगळी खुडून त्यांचे दाणे चांगले वाळवावे. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी असे घरी धरता येते. संकरित वाणाचे धरू नये, कारण पुढील पिढीत त्याचे गुण फुटतात व पीक एकसारखे येत नाही. एखाद्या गरीब घरी मूठभर चांगले बी देणे, हा सरव्यातील उत्तम सरवा होय.

खळे मोकळे झाल्यावर रानाची नांगरट लांबवू नये. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ढेकळे तापली म्हणजे हराळी व कुंद्याची मुळे उघडी पडून सुकतात, किडींचे कोष वर येऊन उन्हाने व पाखरांनी नाश पावतात, आणि पहिला पाऊस जमिनीत मुरतो. बांध फुटले असतील ते ह्याच दिवसांत घालावे, व शेणखत उतरावे. शेतकऱ्यास हे शहाणपण देवच शिकवितो, असे यशयाने आपल्या २८ व्या अध्यायात म्हटले आहे.

शेवटी एक गोष्ट. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या वंशावळीत रूथेचे नाव आहे. परक्याच्या शेतात सरवा वेचणारी ती परदेशी विधवा दाविदाची पणजी झाली, आणि तिच्याच वंशात जगाचा तारणारा जन्मला. त्याचे शिष्यही एकदा भुकेले असता शब्बाथ दिवशी दुसऱ्याच्या शेतातून जाताना कणसे मोडून खाऊ लागले, आणि प्रभूने त्यांची बाजू घेतली. तेव्हा ह्या सुगीत आपल्या बांधावर कोणी उभे दिसले, तर त्याला हाकलण्यापूर्वी ही वंशावळ आठवावी.

विचारासाठी प्रश्न :
१. सरवा व भीक ह्यांत भेद कोणता?
२. बवाजाने नियमापेक्षा अधिक काय काय केले?
३. आपल्या गावी आज शेताच्या कडेला कोण उभे आहे?
४. आपल्या घरी राशीचे वाटे कोण ठरवितो? त्यात घरधनिणीचा विचार घेतला जातो काय?

शिक्षकांस सूचना : हा पाठ शक्य तर खळ्यावरच संध्याकाळी घ्यावा. रूथेचा दुसरा अध्याय एखाद्या बहिणीकडून वाचवून घ्यावा, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडळीने प्रार्थनेबरोबर कृतीनेही द्यावे.