कलेक्टर नाही झालं, तर?

पुण्यातल्या सदाशिव पेठेत अभ्यासिकांची दारं पहाटेच उघडतात आणि रात्री मेस बंद झाल्यावरही आतले दिवे चालू असतात. बीड, लातूर, बुलढाणा, गडचिरोलीहून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात, चालू घडामोडींची मासिकं पाठ करतात आणि घरी फोनवर सांगतात, ‘या वर्षी नक्की.’ २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले होते. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ जण. मुख्य परीक्षेपर्यंत १४,६२४ पोचले आणि अखेर नेमणुकीसाठी शिफारस झाली १,०१६ जणांची.

या आकड्यांनी कुणाला घाबरवायचं नाही. ज्याची तयारी आहे त्याने ही परीक्षा जरूर द्यावी. पण या खोल्यांमध्ये बसलेल्या असंख्य मुलामुलींना खरोखरच लोकांसाठी काम करायचं असतं आणि त्यांना त्याचा एकच दरवाजा दाखवलेला असतो. समाजकार्य, सार्वजनिक धोरण, ग्रामीण व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य, विकास अभ्यास या विषयांतलं पदव्युत्तर शिक्षण हा दुसरा दरवाजा. तो महाराष्ट्रात १९३६ पासून उघडा आहे, तरी बऱ्याच घरांत त्याचं नाव निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. समाजसेवेला पदवी कशाला लागते? आणि त्यावर पोट भरतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर गडचिरोलीत मिळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघंही एमडी झालेले होते, खेड्यात काम करायचं हेही ठरलेलं होतं. तरीही ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यायला गेले, १९८४ मध्ये ती पूर्ण केली आणि १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. नवजात बाळं का दगावतात, हे त्यांनी अंदाजाने सांगितलं नाही. ३९ गावांमध्ये त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. शेजारच्या ४७ गावांमध्ये हा उपक्रम केला नाही, पण नोंदी तितक्याच काटेकोर ठेवल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत या ३९ गावांमधले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली.

तळमळ त्यांच्याकडे अमेरिकेला जाण्याआधीही होतीच. तुलनेची गावं निवडणं, नोंदींची पद्धत बसवणं, सरकारला नाकारता येणार नाही असा पुरावा उभा करणं, हे मात्र शिकावं लागतं. या क्षेत्रातल्या चांगल्या पदव्युत्तर शिक्षणाचं मोल इथे आहे.

हे शिक्षण आपल्याकडे सुरू झालं तेही मुंबईच्या वस्तीतून. १९२६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने नागपाड्यात वस्तीकेंद्र काढलं आणि त्याच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आजची ‘टिस’. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये याच संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. छळ झालेल्या बायकांसाठी पोलिसांच्या आवारातच समाजकार्यकर्ती बसवायची, ही कल्पनाही टिसचीच. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला विशेष कक्ष उघडला; पुढे राज्य सरकारनेच ही व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यात नेली. टिसच्या ‘कोशिश’ गटाने बिहारमधल्या ११० निवासगृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या निवासगृहातल्या मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. २०२० मध्ये न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. मुलींशी बोलायचं कसं, त्यांचं न सांगितलेलं ऐकायचं कसं, आणि ते अहवालात कसं लिहायचं की पुढे कुणाला ते दाबता येऊ नये, यासाठी प्रशिक्षित माणसं लागतात.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात म्हणूनच फील्डवर्कला अर्धं महत्त्व असतं. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, इस्पितळात, शाळेत किंवा न्यायालयात असतो. त्याचा अहवाल लिहायचा, मार्गदर्शक प्राध्यापकासमोर बसून त्यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यायचं. समजा, जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर अंगणवाडीत विद्यार्थिनीने बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि ती ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात आली. म्हणजे तीव्र कुपोषण. पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाला ठेवायला हवं, पण आई नाही म्हणते. नवख्या विद्यार्थिनीच्या अहवालात ‘आईमध्ये जागृती नाही’ असं वाक्य येतं आणि मार्गदर्शक ते खोडतात. पुन्हा जाऊन विचार, असं सांगतात. मग कळतं की नवरा वीटभट्टीवर गेलाय, घरी आणखी दोन मुलं आहेत, त्यांना कुणाकडे ठेवायचं हा तिचा प्रश्न आहे; आणि केंद्रात राहिल्याबद्दल बुडीत मजुरी मिळते हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. दुसऱ्या अहवालात मग शेजारीण, ग्रामपंचायत, आशाताई आणि सरकारी परिपत्रक अशा चार गोष्टी येतात. जिथे असं वाक्य खोडणारं कुणी नाही, त्या महाविद्यालयात केवळ पदवीच्या कागदासाठी दोन वर्षं घालवू नयेत. प्रवेश घेण्याआधी पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न इमारतीबद्दल नसावा, फील्डवर्कबद्दल असावा: मुलं कुठे जातात, किती दिवस आणि त्यांच्याबरोबर कोण जातं?

आता पोटाचा प्रश्न. समाजकार्य म्हणजे झोळी, हे चित्र जुनं झालं. सरकारी रुग्णालयांमध्ये समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, तेव्हापासून या पदवीधरांना उद्योगातही जागा झाली. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. मोठा बदल आणला तो २०१३ च्या कंपनी कायद्याने. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली आणि प्रकल्प आखणारी, त्यांचं मूल्यमापन करणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसं कंपन्यांना आणि संस्थांना पगार देऊन शोधावी लागली.

दुसरी बाजूही घरात मोकळेपणाने बोलायला हवी. पहिला पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असतो आणि बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीएवढ्याच असतात. देणगीचे नियम बदलले की त्याचा फटका थेट कार्यकर्त्याला बसतो. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने परदेशी पैसा पुढे लहान संस्थेला देणं बंद झालं. अनेक लहान संस्थांच्या पगारावर याचा परिणाम झाला. त्यामुळे भरमसाट शैक्षणिक कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. सुरुवातीच्या पगारातून जो हप्ता सहज फिटेल, तेवढंच कर्ज. सुदैवाने बऱ्याच चांगल्या जागा तुलनेने परवडणाऱ्या आहेत. मुंबईत टिस आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मराठवाड्यातल्या मुलांना जवळ पडणारा टिसचा तुळजापूर परिसर. धोरण आणि अर्थशास्त्राकडे कल असेल तर १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था. बंगळूरुचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरच्या उत्पन्नाप्रमाणे शिष्यवृत्ती देतं. सहकार आणि ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची ‘इर्मा’ आहे. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभारलेली ही संस्था २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली.

पण या सगळ्याआधी एक पायरी आहे आणि बहुतेक मुलं तीच गाळतात. बीए-बीएस्सी संपलं की लगेच एमएला न जाता एखाद-दोन वर्षं प्रत्यक्ष काम करावं. ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती इथे चुकीची आहे. स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया फेलोशिप १३ महिने खेड्यात ठेवते, टीच फॉर इंडिया दोन वर्षं कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या शाळेत शिकवायला लावते. सर्चच्या ‘निर्माण’ उपक्रमात २००६ पासून महाराष्ट्रातले तरुण येत आहेत. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये २१ ते २६ वयाचे ६० जण सरकारी यंत्रणेच्या आत काम करतात आणि सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही होतो. २०२५-२६ च्या तुकडीला प्रवासखर्चासह दरमहा ६१,५०० रुपये ठरले. यातल्या एखाद्या अनुभवानंतर आपल्याला आरोग्य शिकायचंय, शिक्षण की कायदा, हे मुलाला स्वतःला कळतं. ज्याला हे काम झेपणार नाही, त्यालाही ते दोन वर्षांची फी भरण्याआधी कळतं.

परदेशी शिष्यवृत्त्याही हाच क्रम मागतात. ब्रिटनची चेवनिंग शिष्यवृत्ती किमान दोन वर्षांच्या कामाची अट घालते आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायला लावते. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. बुलढाणा जिल्ह्यातले, शेतकरी घरातले राजू केंद्रे कलेक्टर व्हायचं म्हणून पुण्याला आले होते. मुक्त विद्यापीठातून पदवी, मेळघाटातलं काम, टिस, मुख्यमंत्री फेलोशिप अशा वाटेने जात ते चेवनिंग मिळवून लंडनच्या ‘सोआस’ विद्यापीठात पोचले. त्यांनी उभं केलेलं एकलव्य फाउंडेशन आज घरातल्या पहिल्या शिकत्या पिढीतल्या मुलांना अशाच विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने मदत करते आहे. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून लोकांच्या कामी येण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाहीच: १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी तिथल्या डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो प्रांतांच्या अर्थव्यवहाराचा, म्हणजे सरकारी पैसा कुणाकडून येतो आणि कुठे जातो याचा.

टिससह बऱ्याच संस्थांचे प्रवेश आता सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. नेमक्या तारखा आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची अट संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावी. तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेत, आरोग्य केंद्रात किंवा पंचायत समितीत परवानगी काढून पंधरा दिवस काम करून पाहावं. आणि पालकांनी एक दिवस तिथे स्वतः जाऊन, आपलं मूल नेमकं काय करतंय ते डोळ्यांनी पाहावं.