बारावीनंतर विशेष शिक्षक व्हायचंय?

देऊळगाव राजात बारावीनंतरची चर्चा बहुधा नीट, नर्सिंग आणि पोलीस भरतीभोवतीच फिरते. एखादी मुलगी म्हणाली, ‘मला दिव्यांग मुलांसोबत काम करायचंय,’ तर घरचे आधी तिच्या मायाळूपणाचं कौतुक करतात आणि मग काळजीत पडतात. ‘मुलं चावतात, डोकं आपटतात, तुला झेपेल का?’

नुसत्या मायेवर झेपणार नाही. हे शिकून करायचं काम आहे. समजा, बोलता न येणारा एखादा मुलगा जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा हात चावतो. प्रशिक्षित शिक्षक आधी दात, कान, पोट दुखतंय का हे तपासून घेतो. मग रोज टिपून ठेवतो: चावण्याआधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. नोंदी वाचताना कळतं की गोंगाट त्याला सोसत नाही. मग त्याला थोडं आधी जेवायला बसवायचं आणि ‘बाहेर जायचंय’ हे चित्र दाखवून सांगायला शिकवायचं. सांगण्याचा दुसरा मार्ग हाती आला की चावण्याची गरज कमी होते. याला वेळ लागतो, आणि घरच्यांनीही तसंच वागावं लागतं.

बारावीनंतर विशेष शिक्षणातलं डी.एड., पदवीनंतर बी.एड. करता येतं. सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्था या क्षेत्रात नावाजलेली. कॉलेज कुठलंही असो, अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची चालू मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी स्वतः तपासा. परिषदेच्या नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

पगाराचं स्पष्टच सांगते. विनाअनुदानित संस्थांमध्ये तो बऱ्याचदा तुटपुंजा असतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला दहा आणि पुढच्या वर्गांना पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं, आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं जाहीर करायला सांगितलं. त्यामुळे भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

शेजारच्या चिखली तालुक्यात, पळसखेड सपकाळला, पालवे दांपत्याचं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेघर मनोरुग्णांना सांभाळतं. मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी असं काम रोज कसं चालतं हे पाहायचं असेल, तर आधी विचारून आईवडिलांसह तिथे जाऊन या.

आणि प्रवेश घेण्याआधी कुठल्याही विशेष शाळेत थोडे दिवस बसा. मूल चावतं तेव्हा तुम्ही काय करता, असं तिथल्या शिक्षकांना विचारा. ‘बांधून ठेवतो’ असं उत्तर आलं, तर शिकायला दुसरी जागा शोधा.