नावातील फरक आणि सातबारा : खातेदाराने कागदपत्रे कशी जुळवून घ्यावीत

बी-बियाणे, खते आणि पाणी यांचे नियोजन आपण हंगामापूर्वी करतो. जमिनीच्या कागदपत्रांकडे मात्र अडचण आल्यावरच लक्ष जाते. त्यातही सर्वांत जास्त अडवणारी बाब म्हणजे नावातील फरक. सातबाऱ्यावर 'पांडू', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'पांडुरंग', आधार कार्डावर तिसरेच शुद्धलेखन आणि बँकेच्या पासबुकावर फक्त आद्याक्षरे, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. गावात सर्वजण ओळखतात तोवर काही बिघडत नाही. अनुदान, पीक कर्ज, भूसंपादनाचा मोबदला किंवा वारस नोंद यांची वेळ आली म्हणजे मात्र कागदावरचा माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे, हे सिद्ध करावे लागते.

पूर्वी ही ओळख तलाठी व गावकामगार यांच्या माहितीवर भागत असे. आता १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केलेला आहे. हा क्रमांक देताना आधारवरील नाव आणि अधिकार अभिलेखातील नाव यांचा मेळ संगणकावर पाहिला जातो. संगणकाला 'नामा' म्हणजेच 'नामदेव' हे ठाऊक नसते.

पनवेल परिसरात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का ?

नवीन पनवेलला लागून, माथेरान रस्त्यावर असलेल्या सुकापूर व शेजारच्या देवद, विचुंबे, आकुर्ली या गावांत भातशेतीच्या जागी झपाट्याने वस्ती वाढली आहे. २०१३ साली या भागाच्या नियोजनाचे काम 'नैना' क्षेत्र म्हणून सिडकोकडे देण्यात आले. नैनातील नगररचना परियोजनांत जमीनमालकास मूळ क्षेत्राच्या ४० टक्के अंतिम भूखंड देण्याची पद्धत आहे. तालुक्यातून विरार-अलिबाग मार्गिकेसारख्या मोठ्या रस्त्यांचीही आखणी झालेली आहे. भूखंड असो वा मोबदला, तो अभिलेखात ज्याचे नाव आहे त्यालाच मिळतो.

याचा अनुभव या तालुक्याला नवीन नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई येथील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. हा भूखंड मूळ खातेदाराच्या नावे पात्र ठरतो. खातेदार मयत असल्यास वारसांना न्यायालयाचा वारस दाखला आणावा लागतो. आजोबांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले, तर वारस ठरविण्याआधी आजोबा कोण हेच ठरवावे लागते. यावरून पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी : नावाची दुरुस्ती खातेदार हयात असताना सोपी असते, त्याच्या मृत्यूनंतर ती अवघड होते.

प्रथम फरकाचा प्रकार ओळखा

सर्व फरकांवर एकच उपाय नाही. रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नये, तसेच येथेही आहे. फरक तीन प्रकारचे असतात.

१) लेखनातील चूक : नाव बदललेले नाही, लिहिताना चुकले आहे. उदा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव बरोबर आहे, पण संगणकीकृत सातबाऱ्यावर अक्षर चुकले किंवा वडिलांचे नाव गळाले.

२) नावातील खरा बदल : व्यक्तीने स्वतःचे नाव किंवा आडनाव विचारपूर्वक बदलले आहे.

३) एकाच व्यक्तीची दोन नावे : घरचे नाव व शाळेतील नाव वेगळे, माहेरचे नाव व सासरचे नाव वेगळे, किंवा जुन्या फेरफारात फक्त स्वतःचे व वडिलांचे नाव असून आडनावच नाही.

लेखनातील चुकीची दुरुस्ती

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. यासाठी राजपत्राची गरज नाही. तहसील कार्यालयात अर्ज करावा आणि त्यासोबत पुढील कागद जोडावेत :

– चालू सातबारा व आठ-अ,
– ज्या फेरफाराने नाव दाखल झाले त्या फेरफाराची (गाव नमुना सहाची) नक्कल,
– जुना हस्तलिखित सातबारा,
– खरेदीखत असल्यास त्याची प्रत, आणि ओळखीचा पुरावा.

यांत फेरफाराची नक्कल सर्वांत महत्त्वाची. चूक नेमकी कोठे शिरली हे तिच्यावरून दाखविता येते. फेरफारात नाव बरोबर आणि सातबाऱ्यावर चुकीचे असेल, तर प्रकरण सरळ आहे. मात्र चूक मूळ नोंदणीकृत दस्तातच असेल, तर सातबारा दुरुस्त करून भागत नाही. दस्तातील सर्व पक्षकारांनी दुय्यम निबंधक कार्यालयात चूक दुरुस्ती पत्र नोंदवावे लागते.

कलम १५५ हे फक्त चुकीसाठी आहे. जमिनीवरील हक्काचा वाद या कलमाखाली मिटविता येत नाही. तसेच दुरुस्तीपूर्वी हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. नोटिशीला घाबरू नये. ती आपल्याही संरक्षणासाठी आहे.

नावातील बदल : राजपत्राचा मार्ग

नाव किंवा आडनाव खरोखर बदलावयाचे असल्यास तो बदल महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा. हे काम मुंबई येथील शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. अर्ज आता संकेतस्थळावरून करता येतो. आपले सरकार सेवा केंद्रातही मदत मिळते. अर्जात जुने नाव, नवीन नाव, पत्ता व बदलाचे कारण लिहावे लागते आणि ओळखीचा व जुन्या नावाचा पुरावा जोडावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी अर्ज करावयाचा असतो.

अर्ज भरताना प्रत्येक अक्षर तपासावे. येथे झालेली चूक पुढील सर्व कागदांत उतरते. नाव मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत ज्या रीतीने पुढे कायम ठेवावयाचे आहे, त्याच रीतीने लिहावे. प्रसिद्ध झालेल्या राजपत्राची प्रत जपून ठेवावी व तिच्या अनेक प्रती काढून ठेवाव्यात. केवळ प्रतिज्ञापत्र किंवा वर्तमानपत्रातील जाहिरात ही राजपत्राची जागा घेऊ शकत नाही.

राजपत्राने नाव बदलते, हक्क बदलत नाही. जमिनीतील हिस्सा, कर्जाचा बोजा, जुने करार हे सर्व तसेच राहतात. आडनाव बदलले म्हणून जातही बदलत नाही. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नावाचेच पुरावे लागतात. म्हणून नवे नाव मिळाल्यावर जुने कागद टाकून देऊ नयेत.

राजपत्र मिळाल्यावर सातबाऱ्यावरील नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी तलाठ्याकडे (२०२४ पासून या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) राजपत्राच्या प्रतीसह अर्ज द्यावा व पोच घ्यावी. फेरफार नोंद घातल्यावर हितसंबंधितांना गाव नमुना नऊमध्ये नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद प्रमाणित झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. नोंद नामंजूर झाल्यास आदेशाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

एक व्यक्ती, दोन नावे

येथे नाव बदलावयाचे नसून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवावयाचे असते. खातेदार हयात असल्यास त्याने दोन्ही नावांचा स्पष्ट उल्लेख करून प्रतिज्ञापत्र करावे. शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रास मुद्रांक शुल्क माफ आहे, हे माहीत असू द्यावे. प्रतिज्ञापत्राला कागदाचा आधार हवा. शाळेचा दाखला, जुनी मतदार यादी, रेशन कार्ड, सोसायटीचे कर्जखाते, जमीन महसुलाच्या पावत्या, यांपैकी ज्या कागदावर दोन्ही नावांना जोडणारा धागा असेल, म्हणजे तोच गट नंबर, तोच पत्ता, वडिलांचे तेच नाव, तो कागद मोलाचा ठरतो.

खातेदार मयत असल्यास त्याचे नाव राजपत्राने बदलता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव वेगळे असल्यास वारस नोंदीच्या अर्जातच दोन्ही नावे 'उर्फ' लावून लिहावीत व पुरावे जोडावेत. वारसांनी तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी. ओळखीबाबत वाद निघाल्यास किंवा मोबदला देणाऱ्या कार्यालयाने मागणी केल्यास, १८२७ च्या मुंबई विनियम आठ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. त्याला वेळ व खर्च दोन्ही लागतात. घरात मृत्यू झाला असता दाखल्यावर नाव सांगताना सातबारा समोर ठेवूनच सांगावे. एवढ्या दक्षतेने पुढील अनेक खेपा वाचतात.

महिला खातेदार

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली केलेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे हक्क मिळाला. १९९२ पासूनच्या लक्ष्मी मुक्ती योजनेने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय झाली. मात्र नाव लावताना एकीचे माहेरचे, दुसरीचे सासरचे अशी सरमिसळ होते आणि पुढे मोबदल्याच्या वेळी बहिणींची अडचण होते.

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. ज्या भगिनीने नाव बदलले आहे तिने विवाह नोंदणीचा दाखला अवश्य काढून ठेवावा. दोन नावांना जोडणारा तोच मुख्य पुरावा होय. वारस नोंदीत विवाहित मुलीचे आधारवर असलेले नाव द्यावे व अर्जात माहेरचे नावही नमूद करावे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत बंधनकारक केलेला आहे. जन्मनोंदीच्या वेळी आईचे नाव नेमके कसे लिहिले जाते इकडे लक्ष द्यावे.

दुरुस्तीचा क्रम

कागदपत्रे वाटेल त्या क्रमाने दुरुस्त केल्यास एक जुळते व दुसरे सुटते. पुढील क्रम सोयीचा आहे :

१) घरातील सर्व कागद एकत्र करून प्रत्येकावरील नाव एका वहीत उतरवून घ्यावे.
२) कोणते नाव कायम ठेवावयाचे ते ठरवावे. शक्यतो जे नाव जास्तीत जास्त मूळ कागदांवर आहे तेच ठेवावे.
३) खरा बदल असल्यास राजपत्र, लग्नामुळे बदल असल्यास विवाह दाखला हाती घ्यावा.
४) आधार दुरुस्त करावे. आधारवरील नाव आयुष्यात सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येते. म्हणून घाई करू नये.
५) त्यानंतर पॅन, बँक खाते व सोसायटीतील खाते, रेशन कार्ड दुरुस्त करावे. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा.
६) सातबारा व आठ-अ वरील नोंद करून घ्यावी.
७) शेवटी शेतकरी ओळख क्रमांक, पीएम-किसान, पीक विमा यांवरील नाव तपासावे.

सातबाऱ्यावरील नाव आधीच बरोबर असेल व आधारवरीलच चुकले असेल, तर फक्त आधार दुरुस्त करावे. जेथे चूक आहे तेथेच हात घालावा.

घ्यावयाची काळजी

– मूळ कागदावर स्वतः खाडाखोड करू नये. त्याने खरा कागदही संशयित होतो.
– जुन्या कागदांवर 'जिल्हा कुलाबा' असे असल्यास ती चूक नव्हे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. असे कागद जसेच्या तसे ग्राह्य असतात.
– जमिनीचे भाव वाढलेल्या गावांत नामसाधर्म्याचा गैरफायदा घेतला जातो. 'मीच तो खातेदार' असे खोटे प्रतिज्ञापत्र करणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. आपल्या गटावर कोणती फेरफार नोंद प्रलंबित आहे हे अधूनमधून पाहावे व हरकत असल्यास मुदतीत लेखी द्यावी.
– को-या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नये. मध्यस्थाकडे मूळ कागद सोपवू नयेत.
– प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी.

भातकापणी उरकून वालाची पेरणी झाली म्हणजे कोकणातील शेतकऱ्यास थोडी सवड मिळते. त्या दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी सोबत असताना हे काम हाती घ्यावे. कोणत्या फेरफाराने कोणते नाव लागले, कोणाचे घरचे नाव काय होते, हे त्यांनाच सांगता येते. ती माहिती वहीत लिहून त्यांची सही घेऊन ठेवावी. महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ती आपल्या बाजूने खरी मानली जावी यासाठी तीत आपले नाव बरोबर असले पाहिजे. तरी सर्व खातेदारांनी आपला सातबारा आजच काढून पाहावा व त्यावरील नाव आधारवरील नावाशी अक्षरशः पडताळून घ्यावे.