वस्तूला 'हूज' चालतं का?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. माणसाला 'हू', वस्तूला 'विच' एवढं मी तिला शिकवलंय. मग वस्तूसाठी 'हूज' चुकीचं ना? आणि 'दॅट' कुठे वापरायचं?
– एक पालक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे, फक्त तो नियम 'हूज'ला लावू नका. 'द वाडा हूज मेन गेट फेसेस नॉर्थ' हे निर्दोष इंग्रजी आहे.

नेमकी कोणती वस्तू, हे सांगायचं असेल तर 'दॅट' किंवा 'विच', दोन्ही चालतात: 'द बस दॅट गोज टू स्वारगेट'. नुसती जादा माहिती असेल तर स्वल्पविराम देऊन 'विच'च: 'शनिवारवाडा, विच वॉज कम्प्लीटेड इन १७३२, इज इन पुणे.' इथे 'दॅट' नको.

मुलांची खरी गफलत होते ती वेगळ्याच जागी. आपण 'जो आला, तो माझा मामा' म्हणतो. म्हणून ती 'द मॅन हू केम, ही इज माय अंकल' लिहितात. तो 'ही' आणि स्वल्पविराम, दोन्ही खोडायला लावा. या एका सवयीवर आठवडाभर मेहनत घेतली तरी खूप फरक पडेल.

'हूम'ची धास्ती नको. बोलताना 'हू' चालतं. पेपरात मात्र 'टू', 'विथ' यांच्या लगेच नंतर 'हूम'च लिहावं.